बर्मावाल्यांचा गाळा लिलावातून वगळा : नगरपालिकेस खुले पत्र

मा. मुख्याधिकारी, मा. नगराध्यक्ष आणि नगरपालिकेचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

स. न. वि. वि.

बसस्थानकामागील नगरपालिका व्यापारी संकुलातील गाळ्यांचे भाडेपट्टे संपले असून ते गाळे ताब्यात घेऊन ई-लिलावाने नव्याने दिले जातील, अशी नोटीस आपल्या कार्यालयाने संकुलाच्या प्रत्येक शटरवर डकवली आहे. त्या संकुलाच्या मागच्या अंगाला, बोळाकडे तोंड असलेल्या शेवटच्या गाळ्यात जे हॉटेल चालते, त्याच्या पाटीवरचे नाव शहरात फारसे कोणाला सांगता येणार नाही; सगळे त्याला बर्मावाल्यांचे हॉटेल म्हणतात. हे पत्र त्या एका गाळ्यासाठी आहे. इतर गाळेधारकांचे प्रश्नही खरे आहेत, पण त्यांची संघटना आहे, त्यांचे वकील आहेत आणि त्यांचे म्हणणे आपल्यापर्यंत पोचते. बर्मावाल्यांच्या बाजूने बोलायला त्यांच्या गिऱ्हाइकांशिवाय कोणी नाही, आणि मी त्या गिऱ्हाइकांपैकी एक आहे.

माझा व्यवसाय डाळीच्या दलालीचा. वडील डाळ मिलमध्ये हमाली करत. रात्रपाळी संपवून पहाटे बाहेर पडणाऱ्या हमालांना आणि रेल्वेच्या कामगारांना त्या वेळी गरम आणि पोटभर काही मिळण्याचे ठिकाण म्हणजे बर्मावाल्यांची हातगाडी. तिच्यावर मोहिंगा मिळे. माशाच्या रश्शात तांदळाच्या शेवया घालून केलेला हा पदार्थ ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, सकाळच्या न्याहारीला खातात, आणि आमच्या शहरात तो पहाटेच मिळू लागला तो याच रीतीमुळे. पुढे मी कॉलेजात असताना खानावळीचे पैसे थकले की रात्रीचे जेवण तिथेच होई. हॉटेलच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे शहर अम्मा म्हणते, घरी तमिळ बोलतात आणि गिऱ्हाइकांशी अहिराणी. उधारीचा विषय काढायला मी संकोचलो की त्या म्हणत, ‘आते जेवी ले, पैसा मंग दिजो.’ आज त्याच बाकांवर स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी, खेड्यांतून आलेली मुले-मुली बसतात आणि त्यांच्या नावाची वही अजून गल्ल्याखाली असते. एक वाडगे खाऊ स्वे, म्हणजे रश्शातल्या नूडल्स, साठ रुपयांत मिळते, त्यात अंडे घातलेले असते, आणि रस्सा दुसऱ्यांदा मागितला तर त्याचे पैसे लागत नाहीत. याच शहरात साठ रुपयांत बसून पोटभर जेवता येईल अशी किती ठिकाणे उरली आहेत, हे आपण सर्वजण जाणता.

लिलावात काढायच्या मालमत्तेच्या यादीत या हॉटेलची नोंद केवळ गाळा क्रमांक आणि चौरस फूट एवढीच असणार, म्हणून तिथे काय शिजते ते थोडे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. खाऊ स्वे म्हणजे नारळाच्या दुधातला कोंबडीचा रस्सा, हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाने दाट केलेला, खाली गव्हाच्या नूडल्स, वरून तळलेला लसूण, तळलेला कांदा, कोथिंबीर, लाल तिखट आणि लिंबू. बेसनाने दाट केलेला झणझणीत रस्सा खानदेशाला शिकवावा लागत नाही. डुबुकवड्या आणि पाटोड्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला हा रस्सा पहिल्या घासापासून ओळखीचा वाटतो. अथो म्हणजे नूडल्स, बारीक चिरलेली कोबी, कच्चा कांदा, चिंचेचे पाणी, भाजलेल्या डाळीचे पीठ आणि लसणाचे तेल हे सगळे हाताने कालवून दिलेले. चेन्नईत बर्मा बाजाराच्या परिसरात हा पदार्थ गाड्यांवर मिळतो, कारण ब्रह्मदेशातून परतलेली कितीतरी तमिळ कुटुंबे तिथे स्थिरावली. आणि मोहिंगा. त्याच्या रश्शात आले, लसूण, हळद आणि गवती चहा यांच्याबरोबर केळीच्या खोडाचा आतला कोवळा गाभा चकत्या करून घालतात. केळीचे झाड एकदाच घड देते आणि घड कापल्यावर खोड बहुतेक शेतांत बांधावर टाकले जाते, हे रावेर-यावलच्या कोणत्याही शेतकऱ्याला माहीत आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपल्याला योग्य अभिमान आहे; पण त्या झाडाचा टाकून दिलेला भाग रोज विकत घेऊन शिजवणारे दुसरे हॉटेल माझ्या पाहण्यात नाही. मासे न खाणाऱ्यांसाठी हाच रस्सा वेगळ्या पातेल्यात, नुसत्या गाभ्यावर आणि डाळीवर केला जातो, आणि श्रावणात ते पातेले मोठे असते.

हे कुटुंब इथे कसे आले, तेही नगरपालिकेला ठाऊक असावे. इंग्रजी अमलात रंगून हे शहर इतके भारतीय होते की १९३१ च्या जनगणनेत तिथली निम्म्याहून अधिक वस्ती भारतीयांची भरली. मराठी माणसाला ब्रह्मदेश मुख्यतः लोकमान्यांच्या मंडालेच्या तुरुंगवासामुळे माहीत. पण त्या देशात दुकाने, गोद्या आणि रेल्वे चालवणारी लाखो सामान्य भारतीय माणसे होती. मार्च १९६२ मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता घेतली, त्यानंतर व्यापार आणि दुकाने यांचे राष्ट्रीयीकरण झाले, मे १९६४ मध्ये पन्नास आणि शंभर क्यातच्या नोटा रद्द झाल्या, आणि पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेली कुटुंबे जहाजांनी मद्रास, कलकत्ता आणि विशाखापट्टणमला उतरली. अम्मांचे सासरे त्यांपैकी एक. रेल्वेत नोकरीला असलेल्या नातेवाइकाच्या आधाराने ते खानदेशात आले आणि सत्तरच्या दशकात त्यांनी बसस्थानकाबाहेर गाडी लावली. त्यांनी या शहराकडे जागा मागितली नव्हती. संकुल बांधून झाल्यावर बसस्थानकाबाहेरच्या हातगाड्या हटवायच्या होत्या, म्हणून नगरपालिकेनेच त्यांना हा मागचा गाळा दिला.

म्यानमारशी आपला संबंध केवळ जुन्या आठवणींचा नाही, हेही माझ्या व्यवसायामुळे मला सांगावेसे वाटते. जळगावच्या डाळ मिलांत भरडला जाणारा आयात उडीद मुख्यतः तिथून येतो, आणि आम्ही बाजारात त्याला बर्मा उडीदच म्हणतो. भारत सरकारने २०२१ मध्ये म्यानमारशी केलेल्या सामंजस्य करारात पाच वर्षांसाठी दर वर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर आयात करण्याची तरतूद होती. ज्या देशाच्या शेतमालावर आपल्या जिल्ह्यातल्या हजारो हमालांची आणि मापाड्यांची चूल पेटते, त्या देशाचे अन्न या जिल्ह्यात एका गाळ्यात टिकून आहे.

आता माझ्या तक्रारी.

सर्वांत गंभीर तक्रार वारस नोंदीची आहे. गाळा अम्मांच्या दिवंगत पतींच्या नावावर होता. त्यांच्या निधनानंतर अम्मांनी मृत्यू दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, मुलांची संमतिपत्रे आणि भाड्याच्या पावत्या जोडून वारस नोंदीचा अर्ज केला. त्या अर्जावर आपल्या कार्यालयाची आवक नोंद आणि शिक्का आहे. तो मी स्वतः पाहिला आहे. त्या अर्जावर होकार आला नाही, नकारही आला नाही. त्रुटी असल्याचे पत्रही आले नाही. चौकशीला गेल्यावर कधी संबंधित लिपिकाची बदली झालेली असे, कधी फाईल वरिष्ठांकडे असे. या सर्व काळात नगरपालिका त्यांच्याकडून नियमाने भाडे घेत राहिली आणि पावत्या मृत पतीच्या नावाने देत राहिली. आणि आता नोटिशीबरोबर दिलेल्या पत्रात म्हटले आहे की मूळ भाडेपट्टाधारक हयात नसल्याने आणि वारस नोंद नसल्याने नूतनीकरणाचा विचार करता येत नाही. जो निर्णय घेण्याचे काम कार्यालयाचे होते आणि कार्यालयाने तो घेतला नाही, त्याच्या अभावाचा तोटा अर्जदाराच्या माथी मारला जात आहे. नागरिकांना सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाव्यात यासाठी महाराष्ट्राने २०१५ मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम केला. गाळ्याची वारस नोंद त्या अधिनियमाखालील सेवांच्या यादीत येते की नाही, या वादात मी शिरत नाही. मुदतीत उत्तर द्यावे ही साधी अपेक्षा त्या कायद्याआधीही होती.

दुसरी तक्रार भाड्याच्या आकारणीची. लिलावासाठी किमान भाडे रेडी रेकनरच्या, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी मूल्यतक्त्याच्या, दरावरून काढले आहे आणि संपूर्ण संकुलाला मुख्य रस्त्याचा एकच दर लावला आहे. ज्या कोणी हा दर लावला, त्यांनी एकदा मागच्या बोळात येऊन उभे राहावे, अशी माझी विनंती आहे. तिथे रस्ता नाही. उघडी गटार आहे, तिच्यावर हॉटेलवाल्यांनी स्वखर्चाने टाकलेल्या फरशा आहेत, नगरपालिकेचा दिवा कित्येक महिने बंद आहे आणि पावसाळ्यात स्लॅबमधून पाणी गळते म्हणून आतल्या दोन बाकांवर प्लास्टिक बांधावे लागते. दुरुस्तीचे अर्जही वेळोवेळी दिले गेले. पुढच्या बाजूच्या मोबाइल आणि कापडाच्या दुकानांना जो दर परवडेल, तो या गाळ्याला लावला तर साठ रुपयांचे वाडगे दीडशेला विकावे लागेल, आणि मग तिथे हमाल, विद्यार्थी आणि तालुक्याच्या कामाला आलेले शेतकरी येणार नाहीत.

लिलावात भाग घेण्याच्या अटींविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्या वाचल्यावर स्पष्टीकरणाची गरजच उरत नाही. मोठी अनामत रक्कम एकरकमी भरायची, मागील तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे द्यायची आणि बोली संगणकावरून लावायची. तीन पिढ्या स्वयंपाक करून जगलेल्या कुटुंबाला या अटी स्पर्धेबाहेर ठेवतात.

नोटिशीच्या पद्धतीबद्दलही मला बोलले पाहिजे. ज्यांचे चालते घर उठणार आहे, त्यांना समक्ष बोलावून, त्यांचे म्हणणे ऐकून, ते नोंदवून मग निर्णय घ्यावा, हा नैसर्गिक न्यायाचा प्राथमिक संकेत आहे. इथे शटरवर कागद डकवला, पंधरा दिवसांची मुदत दिली, आणि ज्या ठरावाने हे ठरले त्याची प्रत मागायला गेलेल्यांना माहिती अधिकारात अर्ज करा असे सांगितले. माहिती अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४ असे सांगते की लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आणि निर्णय यांसंबंधीची तथ्ये सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून प्रसिद्ध करावीत. सर्वसाधारण सभेचा ठराव नागरिकांना अर्जाशिवाय वाचता येऊ नये, याला कारण मला दिसत नाही.

आणखी एक गोष्ट मी तक्रार म्हणून नव्हे, पण आपल्या निदर्शनास आणण्यासाठी लिहितो. २०२० च्या टाळेबंदीत परप्रांतीय मजूर महामार्गाने पायी जात होते, तेव्हा नगरपालिकेनेच शहरातल्या हॉटेलवाल्यांना मदतीचे आवाहन केले. बर्मावाल्यांनी धंदा बंद असताना भात आणि डाळीचे डबे भरून दिले. त्याबद्दल आपण दिलेले सन्मानपत्र त्यांच्या भिंतीवर आहे. त्या कामाच्या मोबदल्यात त्यांनी तेव्हा काही मागितले नाही आणि आताही मागत नाहीत. पण नगरपालिकेच्या दप्तरात या कुटुंबाविषयी फक्त भाडेपट्ट्याची मुदत संपल्याचीच नोंद असू नये.

आपल्या बाजूचे म्हणणे मी समजून घेतले आहे. जुन्या भाड्यावर लेखापरीक्षणात आक्षेप निघतात. सार्वजनिक मालमत्ता कवडीमोलाने वर्षानुवर्षे एकाच हाती राहू नये. गाळे घेऊन पोटभाड्याने देणारे लोक या शहरात आहेत आणि त्यांना आळा बसला पाहिजे. हे सारे मला मान्य आहे. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातील कलम ९२ नगरपालिकेच्या मिळकती देण्याघेण्यावर बंधने घालते, आणि ती बंधने असायलाच हवीत. परंतु जो स्वतः गाळ्यात उभा राहून काम करतो, ज्याच्याकडे एका रुपयाची थकबाकी नाही, ज्याने गाळा कधी दुसऱ्याला दिला नाही, त्याला पोटभाडेकरू ठेवणाऱ्याच्याच रांगेत उभे करणे हे न्यायाचे नाही. लिलाव हाच सार्वजनिक संपत्ती वाटण्याचा एकमेव घटनात्मक मार्ग आहे, असेही नाही. नैसर्गिक साधनसंपत्तीच्या वाटपाबाबत राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सप्टेंबर २०१२ मध्ये दिलेल्या मतात हे स्पष्ट केले आहे. महसूल जास्तीत जास्त मिळवणे हा नेहमीच सार्वजनिक हिताचा एकमेव निकष नसतो, हा त्याचा आशय. जो विचार खाणी आणि मोबाइल सेवेच्या रेडिओलहरींच्या (स्पेक्ट्रमच्या) बाबतीत करता येतो, तो एका जेवणाच्या गाळ्याबाबत का करता येऊ नये?

पथविक्रेत्यांसाठी २०१४ मध्ये झालेल्या केंद्रीय अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत अशी तरतूद आहे की जिथे विक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करत आहेत असे नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावेत आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. ती तरतूद गाळ्याला लागू होत नाही, हे मी जाणतो. पण बसस्थानकाबाहेरचा तो हातगाड्यांचा बाजार आजवर तसाच राहिला असता, तर हे कुटुंब आज त्या संरक्षणाचा दावा करू शकले असते. नगरपालिकेच्या शब्दावर ते गाडी सोडून गाळ्यात गेले. ज्यांनी नगरपालिकेचे ऐकले त्यांची स्थिती, न ऐकणाऱ्यांपेक्षा वाईट होऊ नये.

या बाबतीत आग्नेय आशियाचेच एक उदाहरण आपल्यासमोर ठेवतो. सिंगापूरने सत्तर-ऐंशीच्या दशकांत रस्त्यावर अन्न विकणाऱ्यांना सरकारी हॉकर सेंटरांमध्ये बसवले आणि त्या पहिल्या पिढीच्या विक्रेत्यांना सवलतीच्या भाड्याने गाळे दिले, जेणेकरून सामान्य नोकरदाराला रोजचे जेवण परवडावे. डिसेंबर २०२० मध्ये या हॉकर संस्कृतीचा युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. सिंगापूर श्रीमंत आहे आणि आपली नगरपालिका नाही, हे खरे. पण जागेचा मालक सरकार असेल तर भाडे ठरवताना जेवणाऱ्याचाही विचार करता येतो, एवढे त्या शहराने दाखवून दिले आहे, आणि तो विचार करायला मोठी तिजोरी लागत नाही.

म्हणून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. अम्मांच्या वारस नोंदीच्या अर्जावर लिलावाच्या तारखेआधी लेखी आणि सकारण निर्णय द्यावा, आणि तो होईपर्यंत हा गाळा लिलावाच्या यादीतून वगळावा. त्यांना आणि त्यांच्या मुलांना समक्ष सुनावणी द्यावी. संकुलाच्या मागच्या बाजूच्या गाळ्यांची प्रत्यक्ष पाहणी करून त्यांचे भाडे स्वतंत्रपणे ठरवावे. वाढ वाजवी असेल तर ती देण्याची कुटुंबाची तयारी आहे, हे त्यांनी लेखी कळवले आहे. जे गाळेधारक स्वतः व्यवसाय करतात आणि ज्यांच्याकडे थकबाकी नाही, त्यांना ठरलेल्या भाड्याने गाळा घेण्याचा प्रथम हक्क द्यावा, आणि यासाठी वरिष्ठांची मंजुरी लागत असेल तर तसा प्रस्ताव नगरपालिकेने स्वतः पाठवावा. हे काहीच शक्य नसेल, तर निदान बसस्थानकाच्या परिसरात चालण्याच्या अंतरावर, परवडेल अशी पर्यायी जागा आधी द्यावी आणि मगच गाळा ताब्यात घ्यावा. संबंधित ठराव, भाडे आकारणीचा तक्ता आणि लिलावाच्या अटी कार्यालयाच्या फलकावर मराठीत लावाव्यात. बोळातली गटार झाकावी आणि दिवा लावावा. गाळा कोणाच्याही ताब्यात असला तरी हे काम नगरपालिकेचेच आहे.

नगरसेवकांना एक स्वतंत्र विनंती. आपल्यापैकी अनेकांनी त्या बाकांवर बसून जेवण केले आहे, काहींनी निवडणुकीच्या काळात आपल्या कार्यकर्त्यांसाठी तिथूनच डबे नेले आहेत. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय पटलावर घ्या, आणि आपले मत काहीही असले तरी ते सभेत बोलून इतिवृत्तात नोंदवा. गाळा उठला तर तो कोणाच्या संमतीने उठला, हे मतदारांना समजले पाहिजे.

या पत्रासोबत हॉटेलच्या गिऱ्हाइकांच्या सह्यांचे निवेदन आवक विभागात दाखल करत आहे, आणि दोन्हींची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात देत आहे. नोटिशीची मुदत संपण्यापूर्वी मला आणि अम्मांना लेखी उत्तर मिळावे.

आपला विश्वासू,
या शहराचा एक करदाता आणि डाळीचा दलाल